सोमल आणि जीवनसत्त्व : एक कसोटी

रक्ताचा कर्करोग म्हटले की घरातल्यांचे हातपाय गळतात. त्यातलाच एक दुर्मीळ प्रकार म्हणजे प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया. १९५७ साली नॉर्वेतील डॉ. हिलेस्टाड यांनी त्याची वेगळी नोंद केली, तेव्हा रोगी काही आठवड्यांतच रक्तस्रावाने दगावत. आज यातले बहुतेक रोगी बरे होतात. हे कसे घडले?

या रोगात पेशीतील १५ व १७ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात. त्यातून एक विकृत प्रथिन बनते आणि पांढऱ्या पेशी कच्च्याच राहतात. शांघायचे डॉ. वांग झेन्यी यांनी १९८५ पासून ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनवलेले औषध दिले, तेव्हा या पेशी पक्व होऊ लागल्या. हार्बिनच्या डॉक्टरांनी सोमल, म्हणजे आर्सेनिक, वापरले. एक औषध त्या प्रथिनाचा एक भाग धरते, दुसरे दुसरा.

मग दोन्ही एकत्र दिली, तर केमोथेरपी टाळता येईल काय? नुसत्या अंदाजावर कोणाच्या जिवाशी खेळता येत नाही. म्हणून इटली व जर्मनीतील डॉक्टरांनी कमी व मध्यम धोक्याच्या १६२ रोग्यांची, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, दोन गटांत वाटणी केली. एका गटाला जीवनसत्त्वाचे औषध व सोमल, दुसऱ्याला तेच औषध व केमोथेरपी. निकाल २०१३ साली प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनंतर रोग न उलटता सुखरूप असलेले पहिल्या गटात शेकडा ९७ होते, दुसऱ्यात ८६. सोमलाने यकृतावर ताण अधिक आला; पण रक्तपेशी घटणे व जंतुसंसर्ग कमी झाले.

चाचणी म्हणजे माणसाचा उंदीर करणे, असे आपल्याकडे अनेकांना वाटते. वाटणे साहजिक आहे. म्हणूनच सही करण्यापूर्वी सर्व माहिती आपल्या भाषेत मागा. प्रश्न विचारा. नको वाटले तर केव्हाही बाहेर पडता येते. पण जमाखर्च मांडल्याशिवाय नफा-तोटा कळत नाही, तसेच औषधाचेही आहे.

शेवटी दोन गोष्टी. सोमल हे विष आहे. रुग्णालयाबाहेर त्याच्या वाटेला जाऊ नका. आणि हिरड्यांतून रक्त येत असेल, विनाकारण अंगावर काळेनिळे डाग उमटत असतील, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. या रोगात पहिले काही दिवसच सर्वांत धोक्याचे असतात.