चार घरे, तीन शब्द

शब्दकोड्यात ‘अस्वस्थ करणे’ एवढीच सूचना आणि तिच्यापुढे चार घरे असली, की सतावणे, डिवचणे आणि खिजवणे हे तिन्ही शब्द त्या घरांवर सारखाच हक्क सांगतात. वस्तुतः त्यांच्या अर्थच्छटा भिन्न आहेत: सतावण्यात सातत्य असते, डिवचण्यात बुद्ध्या काढलेली कुरापत, तर खिजवण्यात दुसऱ्याचे वर्म हेरून केलेला आघात. परंतु रचनाकाराने ती छटा सूचनेत उतरवली नाही, तर फैसला उभ्या शब्दांच्या हाती जातो. दुसऱ्या घरात ‘ता’ उतरला तर सतावणे, ‘व’ उतरला तर डिवचणे निःसंशय ठरते. मात्र केवळ तिसऱ्या घरातला ‘व’ मिळाला, तर सतावणे की खिजवणे हे ठरवण्यास कोणताच आधार उरत नाही.

१९१३ च्या २१ डिसेंबरला आर्थर विन यांचे पहिले शब्दकोडे ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात आले, तेव्हा प्रत्येक घरात एकेक सुटे रोमन अक्षर होते; आपल्याकडे मात्र घर भरते ते काना-मात्रा-वेलांटीसह, आणि ‘उद्विग्न’मधल्या ‘द्वि’ला छेदणारा उभा शब्द शोधताना रचनाकाराचे सारे शब्दभांडार पणाला लागते. त्या परिश्रमाविषयी मला नितांत आदर आहे.

कल्याणहून सुटलेल्या सकाळच्या गाडीत, तीन घरांत उद्विग्न बसवावे की हैराण, यावर डोंबिवलीला सुरू झालेला वाद ठाणे आले तरी मिटत नाही. “अहो, हैराण माणूस थकतो, उद्विग्नाचे मनच उडते!” असे एका वृद्ध गृहस्थांनी सांगितले, तेव्हा त्या गर्दीत भाषेचा खरा अभ्यास चालला आहे असे मला वाटले.

म्हणूनच दोन उत्तरांना सारखाच वाव ठेवणारे कोडे मला अन्यायाचे वाटते. बेंगळूरच्या एका साप्ताहिकातून चालणाऱ्या आणि मुंबई राज्यातूनही प्रवेशिका घेणाऱ्या बक्षिसी शब्दकोड्यांचा प्रश्न चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा ९ एप्रिल १९५७ रोजी न्यायालयाने त्या स्पर्धा जुगाराच्या स्वरूपाच्या ठरवल्या. कारण आधीच ठरवून ठेवलेल्या उत्तराशी आपले उत्तर जुळणे हे मुख्यतः दैवाधीन होते. आजच्या कोड्यावर बक्षीस नसले, तरी तो दंडक मी त्यालाही लावीन. खिजवणे योजले असेल, तर पहिल्या घरातला ‘खि’ उभ्या शब्दातून द्यावा, अथवा सूचनेतच वर्माचा उल्लेख करावा.