पाठ दाखवणारा वीर

वेरूळला जाणारा माणूस १६ नंबरचं कैलास बघतो, फोटो काढतो आणि भूक लागली म्हणून परततो. २९ नंबरच्या धुमार लेण्यापर्यंत तंगडतोड करणारे थोडे. पावसाळ्यात शेजारी धबधबा कोसळतो तेव्हा गर्दी होते, तीही सेल्फीपुरती. जे आत शिरतात ते मान वर करून देव बघतात. या सदरातली माझी जुनीच तक्रार : आपण शिल्पाच्या पायथ्याशी बघतच नाही.

गेल्या खेपेला तिथे शाळेची सहल आली होती. बाई रावणाची गोष्ट सांगत होत्या. खाली कैलास पर्वत गदागदा हलवणारा रावण, वर शिव-पार्वती. एवढ्यात मागच्या रांगेत खसखस पिकली. एका पोराला तळाचा बुटका गण दिसला होता. रावण जिवाच्या आकांताने जोर लावतोय आणि हा त्याला चक्क ढुंगण दाखवतोय! बाईंनी पोरांना घाईघाईने पुढे हाकललं.

पण तो बुटका काही उगीच कोरलेला नाही. पर्वत हलतोय हे दगडात दाखवणं एक वेळ जमेल. तो हलवून काही उपयोग नाही, हे कसं दाखवणार? ८व्या शतकात कोरलेल्या कैलासातही हाच प्रसंग आहे. तिथे पार्वतीची दासी भेदरून पळत सुटली आहे, म्हणून आपणही घाबरतो. धुमार लेणं त्याच्याही आधीचं, साधारण ६व्या शतकातलं. इथल्या शिल्पकाराने भीती उतरवून ठेवायला हा गण बसवला. मालक पायाच्या अंगठ्याने पर्वत दाबणार, हे घरच्या गड्याला आधीच ठाऊक. आपल्याकडे पाठ दाखवली म्हणजे माणूस पळाला. हा पठ्ठ्या पाठ दाखवूनच लढाईचा निकाल सांगतो.

हे गण म्हणजे महादेवाच्या घरची आश्रित मंडळी. २१ नंबरच्या रामेश्वर लेण्यात वर नवरा-बायकोचा सारीपाटाचा डाव रंगलाय आणि खाली हे टोळकं गरीब बिचाऱ्या नंदीच्या खोड्या काढतंय. वाड्यात मोठी माणसं खेळात गुंतली की अंगणात पोरांचं जे चालतं, तेच. त्यांना शिल्पातली ‘रिकामी जागा भरणारे’ म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

आणि मनसोक्त गण बघायचेच असतील तर बदामी गाठा. पहिल्या लेण्याच्या जोत्यावर त्यांची रांगच आहे : कुणी नाचतोय, कुणाच्या धडावर जनावराचं तोंड. येणारे सगळे १८ हातांच्या नटराजाकडे धावतात. तुम्ही आधी खालीच थांबा, जरा वाका. गुडघे कुरकुरत असतील तर सरळ फतकल मारा. मंडळी नेमकी नजरेसमोर येतात.