शेवटचा हर्फ

उर्दूचे शुद्धलेखन घालताना ‘जमा’ हा शब्द आला की निम्म्या वह्यांत शेवटी अलिफ उतरतो. तिथे ऐन हवा. मुले ऐकतात तेच लिहितात, आणि ऐन त्यांच्या कानावर आलेलाच नसतो.

घशातून निघणारे ऐन आणि बडी हे शब्दाच्या शेवटी आपल्याकडे टिकत नाहीत. अमरावती असो की अकोला, सुबह ‘सुबा’ होते, तस्बीह ‘तसबी’, रुकूअ ‘रुकू’. यात आपल्या बोलीला नावे ठेवण्यासारखे काही नाही. मराठीनेही हेच केले. नफा, सुरू, जिल्हा यांच्या शेवटी मुळात ऐन आहे, फत्तेच्या शेवटी बडी हे. कागदावर करतो ती ‘सही’ म्हणजे अरबीतले ‘सहीह’च. खुद्द मराठी शब्दही असेच झिजले. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले. त्या काळच्या मराठीत ‘देवु’, ‘हातु’ अशी रूपे होती. शेवटचा उकार पुढे गळाला.

फरक लिहिण्यात आहे. मराठीत आवाज गेला की अक्षरही जाते. ‘तें’, ‘घरें’ यांवरची न उच्चारली जाणारी टिंबे १९६२च्या नियमांनी काढली, ते बरेच झाले. उर्दूने मात्र ऐन सांभाळला, म्हणून जमा, जुमा, जमाअत, इज्तिमा, मजमा हे एकाच घरातले शब्द आहेत हे डोळ्यांना दिसते. देवनागरीत हे नाते पुसट होते. (मुलांना हे पाच शब्द एकाखाली एक लिहायला लावा. ऐन पुन्हा सहसा विसरत नाहीत.)

तिलावतीत तर जपायलाच हवे. आयतीच्या शेवटी थांबताना ‘आलमीन’मधला शेवटचा जबर आपण सोडतो, तो वक्फचा नियमच आहे. पण नून सोडत नाही. तसाच शेवटचा ऐन किंवा हेदेखील सोडायचा नसतो. देवनागरीत छापलेली सूरह पाहून पाठ करणाऱ्या मुलाला हे कळणार कसे? त्याला उस्तादांसमोरच बसवावे लागते.

आणि नावे! फसीह घरात ‘फसी’ असतो, चालते. पण दाखल्यावर ‘फसी’ आणि आधारवर ‘फसीह’ झाले की दहावीचा फॉर्म भरताना पालकांची धावपळ सुरू होते. जन्मनोंदणीला जाताना नाव आधी उर्दूत लिहा, मग देवनागरी आणि इंग्रजी स्पेलिंग ठरवा. तोच कागद जपून ठेवा आणि पहिलीच्या प्रवेशाला सोबत न्या.