सावरपाड्याची कविता आणि आपल्या शाळेतल्या मुली



आपल्या नंदुरबार जिल्ह्यात पळणाऱ्या मुलींची कमी नाही. धडगाव, मोलगी, तळोदा, नवापूर, कुठल्याही भागातली शाळा घ्या. पाचवी-सहावीत दोन-तीन मुली अशा असतातच की त्यांना गाठताना मुलांचीही दमछाक होते. पण याच मुली नववी-दहावीत मैदानावर का दिसत नाहीत? माझं मत असं, की गुण कमी पडत नाही. तो गुण चार-पाच वर्षं धरून ठेवणारं माणूस कमी पडतं.

कविता राऊत हे नाव आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. 'सावरपाडा एक्सप्रेस' हा धडा झाल्यासारखा आपण तिचा उल्लेख भाषणात करतो, टाळ्या घेतो आणि पुढे जातो. पण तिची कारकीर्द सालवार मांडून पाहिली तर वेगळंच काहीतरी कळतं.

तिचा जन्म 1985 चा. नाशिक जिल्ह्यातल्या हरसूलजवळचा सावरपाडा हा आदिवासी पाडा, म्हणजे परिस्थिती आपल्या सातपुड्यातल्या पाड्यांसारखीच. पळण्याला बॅट लागत नाही, जाळी लागत नाही, म्हणून पळणं. सुरुवात अनवाणी. पुढे नाशिकला प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्या हाताखाली नियमित सराव सुरू झाला. 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने 10,000 मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं. राष्ट्रकुल स्पर्धेत ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. पहिली आलेली प्रीजा श्रीधरनही भारताचीच, आणि दोघींत अंतर होतं जेमतेम एका सेकंदाचं. 2012 ला अर्जुन पुरस्कार. 2016 ला गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत मॅरेथॉनचं सुवर्ण आणि त्याच वर्षी रिओ ऑलिंपिक.

आता वयाचा हिशोब करा. राष्ट्रकुलचं पदक आलं तेव्हा ती 25 वर्षांची होती. ऑलिंपिकला गेली तेव्हा 31. म्हणजे शाळेतली शर्यत आणि मोठं पदक यांच्यामध्ये दहाएक वर्षं गेली. या वर्षांत टाळ्या नसतात, पेपरात फोटो नसतो, रोज पहाटेचा सराव तेवढा असतो. तेराव्या-चौदाव्या वर्षी "आता पुरे झालं पळणं" असं कुणी ठामपणे म्हणालं असतं आणि ते चाललं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत त्यांचा स्वतःचा फुटबॉल खेळतात. त्यात क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू हातात घेऊन सगळी चाल ठरवणारा खेळाडू. टॉम ब्रेडी हा त्यातला सर्वांत यशस्वी मानला जातो. 2000 साली व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडले तेव्हा त्याचा नंबर लागला 199 वा. कॉलेजातही तो सुरुवातीला राखीवच होता. पुढे त्याने सात वेळा अंतिम विजेतेपद जिंकलं आणि 45 व्या वर्षापर्यंत खेळला. त्याच्याकडे जिद्द होतीच. पण नंबर लागत नसताना खेळत राहायला त्याला कॉलेजचा संघ होता, मैदान होतं, प्रशिक्षक होता. आपल्या मुलीचा जिल्हास्तरावर चौथा नंबर आला की तिचं वर्ष तिथेच संपतं. दुसऱ्या दिवशी तिला विचारणारं कुणी नसतं.

नाशिककडे बघा. कवितानंतर त्याच मैदानावरून, त्याच प्रशिक्षकांकडून संजीवनी जाधव, मोनिका आथरे यांच्यासारख्या मुली पुढे आल्या. रोज मैदानावर येणारा एक माणूस असला की किती फरक पडतो, हे यावरून दिसतं.

मुली गळतात कशा, हेही आपल्याला ठाऊक आहे. दिवाळीनंतर घरचे ऊसतोडीला गुजरातकडे निघतात, मुलगीही जाते किंवा लहान भावंडं तिच्यावर येतात. पाळी सुरू झाली की "आता मैदानावर नको". दहावी आली की पीटीचा तास गणिताला जातो. आणि काही घरांत लग्नाची बोलणी सुरू होतात.

पालक विचारतात, "सर, पळून पोट भरतं का?" प्रश्न खराच आहे. सगळ्या मुली कविता राऊत होणार नाहीत, तसं आश्वासन कुणी देऊही नये. पण ठराविक पातळीपर्यंत खेळलेल्यांना दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात. उत्तम खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे. पोलीस भरतीत मुलींना 800 मीटर पळावंच लागतं. आणि मला यापेक्षा मोठं वाटतं ते हे, की रोज मैदानावर येणारी मुलगी शाळेत टिकते. शाळेत टिकलेल्या मुलीचं लग्न लवकर होत नाही.

मग आपण काय करायचं? पीटीचा तास दुसऱ्या विषयाला द्यायचा नाही. मुलींसाठी सरावाची वेळ उजेडातली ठेवायची, म्हणजे घरी जाताना भीती नको. कार्यशाळेला गेलेल्या शिक्षकांची वाट न बघता एखादी शिक्षिका किंवा गावातली ताई सोबत उभी करायची. आणि एक गोष्ट विसरायची नाही: आपल्या भागात सिकलसेल आहे, रक्त कमी असणाऱ्या मुलीही खूप. जोराचा सराव देण्याआधी सिकलसेल आणि हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्या. उन्हात दामटू नका, पाणी आणि विश्रांती द्या. धाप लागली की "नाटक करते" म्हणू नका.

यंदा तालुक्याच्या स्पर्धा झाल्या की सातवीतल्या पळणाऱ्या मुलींची नावं एका वहीत लिहून ठेवा. फक्त पहिली आलेली नाही, चौथी-पाचवी आलेलीही. दोन वर्षांनी तीच वही उघडा आणि त्यातल्या किती जणी अजून पळताहेत ते मोजा. जी दिसत नसेल तिच्या घरी जाऊन या.