वांग्यावरचा कोळी कोणाच्या कुळातला?

भरिताच्या वांग्याचे नाव काढले की खानदेशी माणसाच्या तोंडाला पाणी सुटते. जळगावच्या या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण ते पिकवणाऱ्याला दोन वैऱ्यांशी झुंजावे लागते. एक म्हणजे शेंडा आणि फळ पोखरणारी अळी, दुसरा पानामागे बारीक जाळे विणणारा लाल कोळी. शेतकऱ्याच्या बोलण्यात दोन्ही ‘कीड’च, आणि पुष्कळदा दोघांसाठी पंपात औषधही एकच पडते. गफलत होते ती इथे.

अळी ही पतंगाचे पोर. म्हणजे कीटक, सहा पायांचा. लाल कोळी पूर्ण वाढला की त्याला आठ पाय. तो घराच्या कोपऱ्यातल्या कोळ्याचा आणि दगडाखालच्या विंचवाचा भाऊबंद. अनेक कीटकनाशकांना तो दाद देत नाही. उलट पायरेथ्रॉइड गटातली औषधे त्याला खाणाऱ्या मित्रकिडींचाच फडशा पाडतात आणि फवारणीनंतर कोळी अधिकच माजतो. त्याच्यासाठी पाण्यात मिसळणारे गंधक किंवा खास कोळीनाशक लागते. एकाच्या थकलेल्या कर्जाची नोटीस दुसऱ्याच्या दारावर चिकटवली तर वसुली कशी व्हायची?

मुंगी, विंचू, गोम, खेकडा हे सगळे सांधेदार पायांचे, म्हणून संधिपाद. आजवर माहीत झालेल्या प्राण्यांच्या जातींपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक याच गोतावळ्यातल्या. स्वीडनच्या लिनियसने १७५८ साली या सर्वांना सरसकट ‘कीटक’ म्हणून एकाच वर्गात बसवले होते. पुढे वेगवेगळी घरे झाली, तरी गोम आणि कीटक यांना अभ्यासक बराच काळ सख्खे शेजारी मानत. कारण वरवर पटण्यासारखे होते. दोघांच्याही डोक्यावर मिशांची एकच जोडी, आणि दोघेही अंगातल्या बारीक नळ्यांवाटे श्वास घेतात. खेकड्याला मिशांच्या दोन जोड्या आणि वर कल्ले. तो आपला पाण्याकडचा, परका.

मग जनुके बोलू लागली. २०१० साली जेरोम रेजियर आणि सहकाऱ्यांनी ७५ संधिपादांची ६२ जनुके ताडून पाहिली आणि ‘नेचर’मध्ये निष्कर्ष मांडला. कीटक ही खेकडा-कोळंबीच्या कवचधारी कुळातूनच फुटलेली फांदी आहे! म्हणजे वांग्यातली अळी गोमेपेक्षा सातपुड्यातल्या नाल्याकाठच्या खेकड्याला जवळची. त्याआधी २००७ साली असाच एक निवाडा झाला होता. धुळ्या-जळगावच्या जुन्या वाड्यांच्या चौकटी पोखरणारी वाळवी मुंग्यांच्या नव्हे, झुरळांच्या कुळातली ठरली. ‘पांढरी मुंगी’ हे नाव तिला कोणी चिकटवले कोण जाणे.

लाल कोळ्याचे मात्र तसे नाही. मराठीत त्याचे नाव अगदी बरोबर पडले आहे. घोळ आहे तो दुकानाच्या काउंटरवर. ‘वांग्यावर कीड पडली, औषध द्या’ एवढ्यावर डबा हातात पडतो. कृषी सेवा केंद्रांनी आधी रोगट पान मागावे. दहापट मोठे दाखवणारे भिंग काउंटरवर ठेवायला फार खर्च येत नाही. पानाच्या वरच्या बाजूला पिवळट-पांढुरके ठिपके आहेत का ते बघावे, मग पान उलटावे आणि जाळ्यातल्या मोठ्या कोळ्याचे पाय मोजावेत. मोठ्याचेच मोजायचे, कारण अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लालाही सहाच पाय असतात.