मुलाच्या ‘नको’ची नोंद

स्वमग्न मुलांच्या थेरपीसाठी आई-वडील फॉर्मवर सही करतात आणि संमतीचा विषय बहुतेक ठिकाणी तिथेच संपतो. आत टेबलाशी बसवलेलं मूल रंगांची कार्डं ढकलतं, मान फिरवतं, खुर्चीवरून घसरून जमिनीवर बसतं. बोलता न येणाऱ्या मुलाने याहून स्पष्ट ‘नको’ कसं म्हणायचं? पण वहीत ‘सहकार्य नाही’ एवढंच लिहिलं जातं आणि हनुवटी धरून त्याचा चेहरा समोर वळवला जातो.

वर्तन-विश्लेषणावर आधारलेल्या या उपचाराचा इतिहास काळा आहे. कॅलिफोर्नियात आयव्हार लोवास यांनी १९६०च्या दशकात ही पद्धत उभी केली, तेव्हा थपडा आणि विजेचे झटकेसुद्धा त्यात होते. आज अमेरिकेतल्या वर्तन-विश्लेषकांच्या २०२२पासून लागू झालेल्या नीतिसंहितेने मुलाच्या होकाराचीही दखल घेतली आहे. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं संशोधनात सात वर्षांपुढच्या मुलाचा होकार मागतात. संशोधनात विचारायचं आणि रोजच्या थेरपीत नाही, हे कोणत्या न्यायाने?

कलाने घेतलं तर पोर काहीच शिकणार नाही, अशी भीती आई-वडिलांना वाटते. ती खोटी नाही. भर रस्त्यात धावणाऱ्या मुलाचा हात धरावाच लागतो. पण लाल कार्डावर लाल कार्ड ठेवणं म्हणजे भर रस्ता नव्हे. तिथे थांबता येतं, खेळ बदलता येतो, मूल कशाला विटलंय ते शोधता येतं. कोसबाडला गुरं राखणारी आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मुलांना दोष दिला नाही, कुरणशाळा काढून शाळाच त्यांच्याकडे नेली. मुलांच्या नकारातून शिक्षकाने शिकायचं असतं, हे आपल्याच मातीत करून दाखवलेलं आहे.

आणि ज्या मुलाचं ‘नको’ रोज मोडून काढलं जातं, ते उद्या कुणी वाईट हेतूने अंगाला हात लावला तर कोणत्या बळावर विरोध करेल?

पालकांनो, फी विचारता तसं हेही विचारा: ‘माझं मूल नको म्हणालं, तर तुम्ही काय करता?’ ‘एखाद्या सेशनला मला आत बसू द्या’ म्हणा. उत्तर टाळलं गेलं, दार बंदच राहिलं, तर दुसरं केंद्र शोधा.