आधी विचारा, मग फोटो काढा

आमच्या इथल्या एका मराठी मंडळाने डिसेंबरच्या सुट्टीत मुंबईत डॉक्युमेंटरी फोटोग्राफीची तीन दिवसांची कार्यशाळा घेतली. विषय होता 'लोकलमधले सर्व थरांतले प्रवासी'. परतल्यावर सभागृहात प्रदर्शन झालं. फोटो तंत्राच्या दृष्टीने चांगले होते. माझं भांडण तंत्राशी नाही, 'सर्व थरांतले' या शब्दांशी आहे.

भिंतीवर कोण होतं? दारात लोंबकळणारी मुलं, लगेजच्या डब्यातल्या कोळणी, टाळी वाजवून पैसे मागणारी तृतीयपंथी व्यक्ती, महिला डब्यात तोंड उघडं टाकून झोपलेली बाई. फर्स्ट क्लासचा एकही चेहरा नव्हता, एसी लोकलचाही नाही. कारण उघड आहे. तिथला माणूस विचारतो, "कशाला काढताय? कुठे छापणार?" सेकंड क्लासच्या गर्दीत हा प्रश्न विचारायला कुणाला उसंत नसते, आणि झोपलेल्या बाईला तर नसतेच.

आपण जर्मनीत राहतो. रोज एस-बानने जातो. समोर पेंगणाऱ्या माणसावर कॅमेरा रोखायची आपली छाती होत नाही. इथला कायदाही आड येतो, आणि त्याचा उगम लक्षात ठेवण्याजोगा आहे. १८९८ मध्ये बिस्मार्क वारला, त्या रात्री दोन फोटोग्राफर खिडकीतून आत शिरले आणि मृतदेहाचा फोटो काढला. देशभर गहजब झाला. पुढे १९०७ च्या कायद्याने ठरलं की माणसाचं चित्र त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करता येणार नाही, अपवाद मोजके. नियम चॅन्सेलरच्या निमित्ताने आला, पण लागू सफाई कामगारालाही झाला. भारतातही सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. मग विमानातून उतरताच आपला संकोच कुठे जातो?

यावर ठरलेलं उत्तर येतं: "विचारलं की सहजपणा मरतो." वॉकर एव्हान्सचं नावही पुढे केलं जातं. त्याने १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या सबवेत कोटाआड कॅमेरा लपवून फोटो काढले, हे खरं. पण त्यांचं पुस्तक त्याने १९६६ पर्यंत येऊ दिलं नाही, हे कुणी सांगत नाही. आपल्या मंडळींना तर त्याच रात्री इन्स्टाग्राम लागतं. त्याच सबवेत १९८० मध्ये ब्रूस डेव्हिडसन फिरला. तो आपल्या फोटोंचा छोटा अल्बम जवळ ठेवायचा. कधी आधी विचारायचा, कधी फोटो काढून मग समजावायचा. त्याचे फोटो मेलेले आहेत, असं अजून कुणी म्हटलेलं नाही.

"एवढ्या गर्दीत विचारायचं कसं?" हा प्रश्न मुंबईबाहेरच्या माणसाने विचारावा. लोकलचा प्रवासी रोज तीच गाडी, तोच डबा, बहुधा तीच जागा पकडतो. डब्यात भजनं होतात, भाजी निवडली जाते, डोहाळजेवणं होतात. आज काढलेला फोटो उद्या त्याच डब्यात नेऊन दाखवता येतो. अनुश्री फडणवीस यांनी 'ट्रेन डायरीज'मध्ये महिला डबा टिपला तो त्या डब्यातली रोजची प्रवासी म्हणून. पाहुण्याला रोजचं होता येत नाही, पण तीन दिवस एकाच गाडीला एकाच डब्यात जाता येतं.

त्या झोपलेल्या बाईच्या घरी, कामावर, शेजारी तो फोटो पोहोचला तर तिला काय ऐकावं लागेल, हे आपल्याला माहीत नाही. किंमत तिने मोजायची, वाहवा आपण घ्यायची.

पुढच्या कार्यशाळेसाठी तीन अटी हव्यात. झोपलेल्या माणसाचा फोटो नाही. ओळख पटणारा प्रत्येक चेहरा विचारून, आणि त्याची प्रत त्या माणसाच्या हातात. आणि पहिला दिवस मुंबईत नको, इथल्या सकाळच्या गाडीत हवा. इथे ज्याला "फोटो काढू का?" विचारायला जीभ रेटत नाही, त्याने कॅमेरा घेऊन दादरला उतरू नये.